बंकरमधले बुटाचे ठसे

गेल्या रविवारी आमच्याकडे गोल्फची एक छोटी मॅच होती. उज्जैनबाहेर, देवास रोडच्या बाजूला नऊ होलचा एक साधा कोर्स आहे, तिथे. थंडी बऱ्यापैकी होती, गवत अजून ओलं होतं.

जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या. माझा नवरा अनिल आणि रेल्वेतून रिटायर झालेले भार्गवजी ही जोडी पुढे. त्यांच्या मागे मी आणि माधव नगरच्या ठाकूर मॅडम.

अनिलबद्दल थोडं सांगायला हवं. तो बरा खेळतो, पण त्याचा खरा जीव कोर्सवर. फटक्याबरोबर उडालेला गवताचा तुकडा उचलून परत जागेवर बसवतो, दाबतो... आणि दुसऱ्यांनी तसाच टाकलेलाही बसवतो. कुणी फटका मारत असताना बाजूला कुजबुज झाली की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला त्याचं लेक्चर ऐकावंच लागतं.

शेवटच्या होलपर्यंत गुणांमध्ये आम्ही दोघी सर्वांत पुढे होतो. या कोर्सवर बायकांच्या जोडीने मॅच जिंकल्याचं मला तरी आठवत नाही. त्यामुळे, खरं सांगते, मला कप डोळ्यांसमोर दिसायला लागला होता.

माझा फटका कमी पडला आणि चेंडू ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, अलीकडच्या बंकरमध्ये गेला. बंकर म्हणजे वाळूचा खड्डा. त्यातून बाहेर पडताना आपल्या पावलांचे ठसे दाताळ्याने आपणच मिटवायचे, मागच्याला त्रास नको म्हणून. इथे मात्र बुटाचे खोल ठसे तसेच होते. दाताळं उलटं पडलेलं. आणि माझा चेंडू बरोबर एका टाचेच्या खळग्यात.

तळव्याची नक्षी मी लगेच ओळखली. अनिलचे ते बूट मीच आणले होते.

ठाकूर मॅडम म्हणाल्या, "उठाके बाजू में रख लो, कौन देख रहा है?" पण चेंडू जसा पडला तसाच खेळायचा असतो. मी खेळले. पहिल्या फटक्यात नुसती वाळू उडाली. दुसऱ्यात चेंडू वर गेला आणि घरंगळत परत पायाशी आला. तिसऱ्यात निघाला. मॅच हातची गेली होती.

मी दाताळं उचललं. आधी त्याचे ठसे मिटवले, मग माझे. ते करता करता घरी काय बोलायचं ते शब्दासकट ठरवलं... बरंच लांबलचक होतं.

ग्रीन उंचावर आहे, खालून पलीकडचं दिसत नाही. वर चढले तर कडेच्या निंबाखाली भार्गवजी आडवे पडलेले. अंगावर स्वेटर, तरी घामाने भिजलेले. त्यांचं डोकं अनिलच्या मांडीवर, आणि अनिल फोनवर गाडी मागवत होता.

मला बघून एवढंच म्हणाला, "गोड काही आहे का? लवकर दे."

भार्गवजींना डायबिटीस आहे. सकाळी औषध घेतलं होतं, खाल्लं काहीच नव्हतं. मी बॅगेतलं बिस्किट पुढे केलं तर त्यांनी अर्धवट शुद्धीतही तोंड फिरवलं. "एकादशी है."

ठाकूर मॅडमनी थर्मास उघडला. त्या चहात साखर भरपूर घालतात. "चाय तो चलती है ना, भाईसाहब? पी लीजिए." ते घोट घोट प्यायले. थोड्या वेळाने डोळे नीट उघडले, मला ओळखलं. मग गाडी आली आणि त्यांना फ्रीगंजच्या एका हॉस्पिटलमध्ये नेलं. संध्याकाळी घरी सोडलं, आता ठीक आहेत.

 हॉस्पिटलमधून परत येताना गाडीत अनिल म्हणाला, "तुमचं काय झालं शेवटच्या होलला?"

"बंकरमध्ये अडकले. बुटाच्या खळग्यात होता चेंडू."

त्याला खरंच राग आला. "ठसे तसेच सोडून गेलं कोणी? कसली माणसं खेळायला येतात."

मी त्याच्या बुटांकडे बघितलं. त्याला कळायला थोडा वेळ लागला...

"वर कडेला भार्गवजी एकदम खाली बसताना दिसले गं मला," तो हळूच म्हणाला. "हातातलं टाकलं आणि पळालो."

ठरवलेलं लांबलचक भाषण मी केलंच नाही. कप तिसऱ्याच एका जोडीला गेला, त्याची थोडी हळहळ आहे, नाही कशाला म्हणू? पण ज्या माणसाने इतकी वर्षं एकही ठसा मागे ठेवला नाही, तो नेमका कशासाठी ठेवून धावला, ते मला बघायला मिळालं. त्याबद्दल मनात कृतज्ञता आहे.