कृपया फक्त स्वतःबद्दल सांगा

आमचं ऑफिस क्रांती चौकाजवळ, साड्यांच्या एका दुकानाच्या वर. खाली दिवसभर सेलचा भोंगा वाजायचा आणि वर आम्ही सहा-सात जण कानात बोळे घालून लोकांची मनःशांती डिझाइन करायचो. यातली गंमत तेव्हाही कळत होती, पण हसायला वेळ नव्हता. वाळूजच्या एका कारखान्याने कामगारांच्या मनाची काळजी घेणारं ॲप मागितलं होतं. शिफ्ट सुरू होताना फोनवर प्रश्न येणार, 'आज कसं वाटतंय?' खाली हसऱ्यापासून रडव्यापर्यंत पाच चेहरे. त्याखाली झोप, भूक, कामातलं लक्ष यांबद्दल छोटे प्रश्न. एखाद्याचा चेहरा बरेच दिवस उतरलेला दिसला, की आमच्याकडच्या समुपदेशक बाई त्याला फोन करणार. कोण काय म्हणालं हे कारखान्याला कधीच कळणार नाही, अशी अट होती. ती अट घालून घ्यायला मी चांगलीच भांडले होते.

चेहरे मी काढले, वाक्यं मी लिहिली. मला वाटायचं, हे काम आपल्याशिवाय कुणाला जमणारच नाही. मी देवगाव रंगारीची, शेतकऱ्याच्या घरातली. पुण्याहून आयतं ॲप आणलं असतं तर त्याला आमची माणसं काय कळणार होती? असा माझा तोरा.

ॲप कसं वापरायचं ते दाखवायला मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये गेले, तिथं दोन दोस्त भेटले. दोघं खुलताबादच्या अलीकडच्या एकाच वस्तीवरचे, एकाच मोटारसायकलवर येणारे, डबाही एकत्र खाणारे. एक प्रेस मशीनवर पत्रा दाबायचा, दुसरा पॅकिंगला. प्रेसवाला बरीच वर्षं कंत्राटावर होता आणि पर्मनंट होणाऱ्यांच्या यादीत यंदा त्याचं नाव लागेल असं सगळे म्हणत होते. हे मला त्याने नाही, पॅकिंगवाल्याने सांगितलं. मी प्रेसवाल्याला काहीही विचारलं तरी उत्तर शेजारून यायचं.

"घरी कोण कोण असतं?" मी विचारलं.

"याला दोन पोरी हायत," पॅकिंगवाला म्हणाला. "म्हातारा मेंढरं राखतो."

"यांना स्वतःला तोंड नाही का हो?"

"हाय की! पण ते जेवायला."

टेबलावरचे सगळे हसले, प्रेसवालाही हसला. मीही हसले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

ॲप सुरू झालं. काही आठवड्यांनी समुपदेशक बाईंच्या यादीत पॅकिंगवाला वर आला. झोप नाही, भूक नाही, कामात लक्ष नाही, चेहरा रोज रडवा. बाईंनी त्याला फोन केला आणि त्याने काय सांगितलं ते दुसऱ्या दिवशी आम्हाला ऐकवलं.

"मला काय धाड भरलीय? मी ठणठणीत हाय," तो म्हणाला होता. "ते माझं नाय, माझ्या दोस्ताचं लिवलंय. प्रेसवरच्या. लई दिवस झाले, त्याला झोप नाय. प्रेसखाली हात घालायचा म्हटलं की थरथर कापतो. तो सोता सांगनार नाय. सायबाच्या कानावर घालावं तर यादीतून त्याचं नाव उडंल. तुमी म्हनलात कुनाला कळनार नाय, म्हनून तुमच्यात सांगितलं."

आम्ही प्रेसवाल्याचं खातं उघडून पाहिलं. रोज हसरा चेहरा. झोप उत्तम, भूक उत्तम. बाईंनी सहज म्हणून त्यालाही फोन केला. "बरं हाय," म्हणाला आणि ठेवून दिला. तुमच्याबद्दल कुणी सांगितलं, हे त्या त्याला सांगू शकत नव्हत्या. त्यांचा धंदाच तसा.

मग मीटिंग झाली. आमचे प्रमुख कपाळाला हात लावून बसले. "एकाच्या खात्यात दुसऱ्याचं मन? सगळ्या डेटाचा चिवडा होईल!" मी म्हणून पाहिलं, की दोस्ताबद्दल सांगायला ॲपमध्ये वेगळी जागा देऊ या का? त्यावर ते म्हणाले, मग उद्या कुणीही कुणाबद्दल काहीही लिहील, भांडणातला माणूस शेजाऱ्याला वेडा ठरवील. हे काही खोटं नव्हतं. याला उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण उत्तर शोधायला मी आणखी एक दिवस मागायला हवा होता, निदान आदळआपट तरी करायला हवी होती. एरवी ॲपमधल्या एका चेहऱ्याच्या रंगावरून मी अख्खी दुपार वाद घालते. त्या दिवशी गप्प बसले.

ठरलं असं, की प्रश्नांच्या वर एक सूचना टाकायची. पहिला मसुदा होता 'दुसऱ्याची माहिती भरू नये.' ही काय रेशन दुकानातली पाटी आहे का, म्हणून मीच नाक मुरडलं आणि लिहिलं, 'कृपया फक्त स्वतःबद्दल सांगा.' सगळ्यांना आवडलं. किती नम्र, किती आपुलकीचं! दुसऱ्या दिवसापासून पॅकिंगवाल्याचा चेहरा हसरा झाला. कारखान्याला नावांशिवाय जाणाऱ्या आमच्या आलेखातली उतरलेल्या चेहऱ्यांची लाल रेघ खाली आली आणि कारखान्याच्या साहेबांनी पेढे पाठवले. मी दोन खाल्ले.

खरं तर मला कळायला हवं होतं, आणि याचंच जास्त वाईट वाटतं. माझे वडील डॉक्टरकडे गेले की तोंड उघडत नाहीत. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसतात. आई सांगते, "यांच्या छातीत जळजळतंय. आन चोरून गोड खातेत." डॉक्टर तिलाच पुढचं विचारतात, तिलाच गोळ्या समजावतात. आमच्याकडे तहसीलला जायचं, मुलगी बघायला जायचं, दवाखान्यात जायचं, तर माणूस आपलं बोलणारं माणूस सोबत घेऊन जातो. आपलं दुखणं आपणच सांगायचं म्हणजे हात पसरल्यासारखं वाटतं. दुसऱ्याने सांगितलं तर मान राहतो. हे मी लहानपणापासून बघत आले. आणि तरी ज्यात प्रत्येकाने एकट्याने, आपल्या तोंडाने, फोनला सांगायचं, असं ॲप मी काढलं आणि ते आपल्या मातीतलं आहे म्हणून मिरवलं. त्यात बोलणारं माणूस आपणहून आलं होतं. त्याला मी नम्रपणे बाहेर बसवलं.

काही महिन्यांनी पॅकिंगवाला आमच्या ऑफिसचा जिना चढून आला. बाईंकडून पत्ता घेतला होता. उभ्यानेच म्हणाला, "त्यानं काम सोडलं मॅडम." एका दुपारी प्रेसवाल्याने चालू शिफ्टमध्ये मशीन बंद केलं, हातमोजे काढून त्यावर ठेवले आणि गेटबाहेर चालू लागला. परत गेलाच नाही. कंत्राटदाराने नाव कमी केलं. पुढे पर्मनंटची यादी लागली, त्यात तो नव्हता.

"मी सांगत व्हतो ना," पॅकिंगवाला म्हणाला. "तुमीच म्हनलात, नगं सांगू."

तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. पण तो मला न्यायला आला होता. "तुमी शिकलेल्या हायत. चला, दोन शबुद बोला त्याच्यासंगं. माझं ऐकत नाय."

रविवारी मी गेले. पत्र्याचं घर, बाजूला काट्यांचं कुंपण घातलेला मेंढरांचा वाडगा. प्रेसवाला बाजेवर बसला होता. कॅन्टीनमध्ये पाहिलेला माणूस निम्मा झाला होता. पॅकिंगवाला त्याच्या शेजारी टेकला आणि सवयीने बोलायला लागला, आता जेवतो, थोडं झोपतो, म्हाताऱ्यासंगं रानात जातो. मी तयार करून नेलेली वाक्यं आठवत होते. सगळी ॲपमधल्यासारखी होती.

प्रेसवाल्याच्या बायकोने चहा दिला आणि कोनाड्यातला फोन आणून माझ्यापुढे धरला. तिचा चेहरा उजळला होता.

"कारखान्यातून रोज इचारतेत, ताई. एक दिस चुकवत नायत. आजबी इचारलं."

पडद्यावर माझा प्रश्न होता. 'आज कसं वाटतंय?' खाली माझे पाच चेहरे. कंत्राटदाराच्या यादीतून त्याचं नाव गेलं होतं, आमच्या यादीतून काढायला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग प्रेसवाला बोलला. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकला. "मी रोज हसराच दाबतो, मॅडम. काम सोडल्यापास्नं एक दिस सोडला नाय. त्यास्नी कळंल बरा झालो म्हनून. मग बोलावतील." मग म्हणाला, "अजून बोलावलं नाय. तुमी सांगाल का त्यास्नी?"

मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. खोटं बोलणं सोपं होतं. विचारते, बघते, असं म्हणून चहा संपवता आला असता. पण मग तो उद्याही दाबत बसला असता, परवाही. म्हणून मी सांगितलं, की हे कुणी विचारत नाही. कारखान्यात याची उत्तरं कुणी बघत नाही, ती तिकडे जातच नाहीत. शिफ्टची वेळ झाली की हा प्रश्न आपोआप येतो. कामावर परत घेण्याशी त्याचा काही संबंध नाही.

त्याची बायको माझ्याकडे बघत राहिली. "कुनीच इचारत नाय?"

"नाही."

"मग रोज इचारतं कशाला?"

प्रेसवाल्याने तिच्या हातातून फोन घेतला आणि मांडीवर पालथा ठेवला. मग त्याने पॅकिंगवाल्याकडे बघितलं, त्याने आपल्यासाठी काहीतरी बोलावं म्हणून. पॅकिंगवाला मान खाली घालून बसला होता.