बयाबाईच्या काट्यावरचं झिंक

शिरोली एमआयडीसीत अगदी मागच्या गल्लीला एक लहानसा रबराचा कारखाना आहे. गोठ्यात म्हशींच्या पायाखाली घालायच्या मॅट तिथं होतात. रबरात पडणाऱ्या पावडरी तोलून द्यायचं काम एकोणीस वर्षं बयाबाईकडं. शाळा म्हणाल तर चौथी, तीही निम्मी. पण जुने मालक आण्णा यांनी तिला काट्यावर बसवलं त्या दिवशी एकच गोष्ट नीट समजावून सांगितली होती.

"बया, गंधक रबराला बांधतंय, तवा ते टणक हुतंय. पण गंधक लई आळशी. नुसत्या भट्टीच्या धगीनं काय हालत न्हाय. त्याला उठवून कामाला लावतंय ते झिंक. ही पांढरी पावडर, शंभर किलो रबराला पाच किलो. ती इसरलीस तर मॅट न्हाय, मळलेली कणीक हुईल."

बयाबाई कधी विसरली नाही. पोरीच्या लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा येऊन झिंक तोलून गेली.

आण्णा गेले आणि कारखाना त्यांचा मुलगा धैर्यशील बघायला लागला. पोरगा गुणी, पुण्याला शिकलेला, पण ऐकायची सवय नाही. आल्या आल्या त्यानं सगळ्यांना हातमोजे दिले. मग पिंपांच्या झाकणांवर छापील नावं चिकटवली. बयाबाईला पिंपं नावानं कधी लागलीच नव्हती, ती हातानं ओळखायची. आता हातच पिशवीत.

खंडेनवमीला कारखाना धुऊन काढला. मशिनींना हार, काट्याला हळदकुंकू. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं आणि बयाबाई पहिल्याच मापाला थबकली. झिंक कसं, चमच्याला धरून बसतं, दोनदा आपटल्याशिवाय सुटत नाही. आज सुळकन् घसरून गेलं.

"धैर्यशीलदादा, पावडर येगळीच वाटतीया."

"आक्का, झाकणावर काय लिहिलंय?"

"झिंक."

"काटा काय सांगतोय?"

"पाच किलो."

"मग झालं की!"

दुपारी मॅट दाबायच्या मशिनीवरनं लालासाब ओरडला. तो आण्णांच्या वेळचाच माणूस. "मालक, मॅटमधी बोट बुडतंय! आन् कच्च्या रबराच्या शिटा तर एकमेकींना सोडंनात!"

"थंड झाल्यावर घट्ट होईल, लालाचाचा."

थंड झाली. घट्ट काही झाली नाही. तरी चाळीस मॅट टेम्पोत चढल्या.

चौथ्या दिवशी कोडोलीचे हंबीरराव मोटरसायकलच्या मागं मॅटची गुंडाळी बांधून दारात हजर. आत यायच्या आधीच आवाज आत आला.

"अवो पावणं! ही मॅट हाय का चिखल? म्हस उभी ऱ्हायली की खूर आत! आज सकाळी उठली ती मॅट पायाला घिऊनच उठली! निम्मा गोठा फिरली तशीच, माझी आय मागनं वरडतीया!"

लालासाबला हसू आवरेना, तो मशिनीमागं गेला. धैर्यशीलचं तोंड मात्र लाल झालं. हंबीररावांना खुर्ची देऊन तो काट्याकडं वळला.

"आक्का, तोलताना तुमची चूक झालीय. वय झालं, दिसत नसेल. उद्यापासून पॅकिंगला बसा. काट्यावर दुसरं माणूस घेतो."

बयाबाईला एकोणीस वर्षांत काट्यावरनं कुणी ऊठ म्हणालं नव्हतं. सांगितलं तेव्हा ऐकलं नाही, आणि आता हिचे डोळे गेले! तिनं हातमोजे काढून टेबलावर आपटले.

"पॅकिंगला बसीन. पर आधी दोन मिंटं हितं उभं ऱ्हा."

चहाच्या शेगडीजवळची लोखंडी पळी तिनं उचलली, झिंक लिहिलेल्या पिंपातली चिमूटभर पावडर त्यात घेतली आणि आचेवर धरली. सगळे बघत राहिले. पळी तापून धूर यायची वेळ आली, पावडर आपली पांढरीच्या पांढरी.

"झिंक तापलं की पिवळं पडतंय. थंड झालं की परत पांढरं. नवीन पोतं आलं की आण्णा माझ्याकडनं असंच बघून घ्यायचे. ह्ये झिंक न्हाय."

"मग काय आहे?"

बयाबाई शेजारच्या पिंपाकडं गेली. त्यावर नाव होतं शंखजिरं. कच्च्या शिटा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून भुरभुरायची ही गुळगुळीत पावडर. पळी झटकून त्या पिंपातली चिमूटभर तिच्यात टाकली आणि बघता बघता लिंबासारखी पिवळी झाली. पळी खाली ठेवली तशी हळूहळू पुन्हा पांढरी.

"या खुदा!" लालासाब म्हणाला. "म्हंजे मी शिटांवर झिंक भुरभुरतोय चार दिवस! म्हणून चिकटत्यात!"

"नावं तर मी स्वतः..." धैर्यशील म्हणाला आणि थांबला.

"खंडेनवमीला झाकणं कुणी काढली?" बयाबाईनं विचारलं.

धैर्यशीलनंच काढली होती. धुऊन, पुसून, ओळीत मांडून त्यांना हळदकुंकू लावलं होतं, फोटो काढले होते आणि पूजा झाल्यावर आपल्या हातानं परत बसवली होती. नाव झाकणावर. पिंपावर काहीच नाही.

हंबीरराव खुर्चीतनं म्हणाले, "म्हंजे माझ्या म्हशीचा काय दोष न्हाय म्हणा."

धैर्यशीलनं चाळीसच्या चाळीस मॅट बदलून द्यायचं कबूल केलं. मग मान खाली घालून काट्यापाशी आला. "आक्का, चुकलं. काटा तुमचाच. मोजे नको असतील तर नका घालू."

बयाबाईला वाटलं, सुटले एकदाची. कसली सुटतीय! दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो तिच्या खांद्यावरनं वाकून उभा. प्रत्येक मापाला, "आक्का, कशी वाटतीय? चिकटतीय ना? घसरत नाही ना?"

सातव्यांदा विचारल्यावर तिनं चमचा खाली ठेवला.

"दादा, तुम्ही तिकडं आफिसात बसा बघू. हितं तुमच्या श्वासानं काटा हालतोय."