फुलांची बाजू

नागपूरच्या संग्रहालयात प्राचीन घरांच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. एका चित्रात दालनाच्या मधोमध फुलं विणलेला पडदा होता. नऊवारीतली एक अनोळखी बाई मान वाकडी करकरून, चित्राच्या कडेनं त्या पडद्यामागं डोकावत होती. मला हसूच आलं.

"काय शोधता, मावशी?"

"फुलं एकाच बाजूले असते ना गा, मांगं नुसते धागे. मंग हे फुलं आतल्याइले का बाहेरच्याइले?"

"बाहेरच्यांना, शोभेसाठी," मी ठोकून दिलं. तिला काही पटलं नाही. पुन्हा डोकावली.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. इतवारीतल्या आमच्या एकुलत्या एका खोलीत आईनं स्वतःची फुलांची हातमागाची चादर आडवी बांधली. फुलं आम्हा दोघांकडे होती. आईच्या बाजूला नुसते धागे.