बर्फाखालची खाचरं

रविवार, १८ मे २००८, महाड. सकाळी सहाला पाणी आलं. नऊच्या एसटीने रामजी कापड्याहून आले, दोन पायली तांदूळ घेऊन. प्रियदर्शिनी कालच पुण्याहून आली आहे. इंटरनेट चालू. दुपारी ती रडली.

माझ्या वहीत दुपारपर्यंतची नोंद एवढीच. प्रियदर्शिनी ही रामजींची धाकटी मुलगी. कॉलेजची तीन वर्षं ती माझ्याकडे राहिली. मी तिचं इंग्रजी सुधारलं, तिने मला कॉम्प्युटर शिकवला. २००५ च्या जुलैत दरड आली तेव्हा तिची आत्या बनुबाई ज्या वाडीत होती, ती वाडी मदतीला आलेल्यांच्या नकाशातच नव्हती. ते भलत्याच घळीत शिरले आणि वाडीत पोचले दुसऱ्या दिवशी दुपारी. बनुबाई ढिगाऱ्याखालून सकाळपर्यंत आवाज देत होती. त्यानंतर या मुलीने नकाशांचं काम शिकायचं ठरवलं.

पुण्यातल्या एका कंपनीत ती उपग्रहाच्या चित्रांवरून हिमालयातल्या बारमाही बर्फाच्या हद्दी आखत असे. जूनमध्ये नोकरी पक्की व्हायची होती. तो नकाशा आता इंटरनेटवर कोणालाही उघडता येत होता, म्हणून वडिलांना दाखवायला तिने माझ्या कॉम्प्युटरवर तो उघडला. चित्र तुकड्यातुकड्याने भरत गेलं. निळ्या रेघेच्या आतलं बर्फ उन्हाळ्यातही वितळत नाही, तिथे कोणी राहत नाही, असं तिने सांगितलं. रामजी खुर्ची पुढे ओढून बराच वेळ बघत राहिले.

“मग ही खाचरं कोनाची गो?”

त्या बर्फातल्या भेगा आहेत, असं ती म्हणाली. रामजींनी काचेवर बोट ठेवलं.

“भेगा अशा उताराला आडव्या, एकीखाली एक नाय जात. ह्यो बांध हाय. हितं खालच्या खाचरात पानी सोडायला तोंड ठेवलंय.”

तिने चित्र मोठं केलं. कामासाठी तिला मिळालं होतं ते धूसर, ऐन हिवाळ्यातलं. हे पुष्कळ स्पष्ट होतं. बांधांच्या टोकाला चार छपरं दिसली. ती हद्द तिनेच आखलेली होती.

तिने साहेबांना फोन लावला. एका दरीने कोणाचं काही अडत नाही, जूनपर्यंत गप्प राहा, चूक लेखी आली तर मला तुझी शिफारस करता येणार नाही, असं ते म्हणाले. रामजींनी गावात नोकरी पक्की झाल्याचं सांगूनही टाकलं होतं.

“जून निघंपत्तोर थांबता नाय यायचं?” त्यांनी विचारलं.

“आत्या थांबली होती, आबा.”

रामजी उठून ओटीवर जाऊन बसले. तिने वरच्या अधिकाऱ्यांना इंग्रजीत पत्र लिहिलं आणि मला तपासायला दिलं. एका ठिकाणी ‘बहुधा’ होतं. मी तिला छपरं पुन्हा मोजायला सांगितली. तिने तो शब्द काढला, पत्र पाठवलं, आणि मग रडली.

संध्याकाळपर्यंत उत्तर नव्हतं. साडेपाचच्या गाडीने बापलेक कापड्याला गेले. वहीत त्या दिवशीची शेवटची ओळ अशी: रामजींचे तांदूळ चाळले. किडे निघाले, उद्या उन्हात घालायचे.