आत्या गोड बोलू लागल्या तेव्हा

भुताच्या सिनेमात भूत आलं की आत्या चहा टाकायला उठायच्या. पांढरे डोळे, उलटे पाय, भिंतीवर चढणारी बाई, हे सगळं चालू असताना त्या आतून विचारायच्या, "गेलं का ते?" मी "गेलं" म्हटलं की कप घेऊन परत येऊन बसायच्या. भुताचं त्यांना काही नव्हतं. त्यांना माणसं बघायची असायची.

आत्या म्हणजे माझी सासू. आमच्याकडं सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणतात. मी धाराशिवची. लग्न होऊन तेरला आले आणि गावातल्याच लहान मुलांच्या एका शाळेत शिकवायला लागले. दुपारी शाळा सुटली की मी घरी. नवरा सकाळच्या बसनं धाराशिवला कामाला जायचा तो दिवेलागणीला परतायचा. मामा रानात. त्यामुळं दुपारी घरात आम्ही दोघीच, आणि टीव्हीवर हिंदीत आवाज भरलेले दक्षिणेकडचे भयपट. ते बघायला आधी कुणी सुरुवात केली, आठवत नाही.

एरवी आत्या कामापुरतं बोलायच्या. पाणी तापलंय. दळण आणायचंय. कपडे काढ, आभाळ आलंय. मामांशी तर तेवढंही नाही. सिनेमा लागला की मात्र त्यांचं तोंड सुटायचं, आणि शेवटाकडं एखादं चांगलं माणूस एकाएकी फिरलं की त्या फार चिडायच्या. एका सिनेमात एक म्हातारी दाई होती. अनाथ पोरीला ती सगळा सिनेमाभर जपते, घास भरवते, आणि शेवटी तिलाच कोंडून हातात सुरी घेते. मी किंचाळून तोंडावर ओढणी घेतली. आत्यांनी कप आपटला.

"हे खोटं हाय. इतका वेळ पोरीला भरवायली, आन् आता सुरी? आसं कुठं आसतंय व्हय?"

"आत्या, धक्का बसावा म्हणून करतात तसं."

"बसू दे की धक्का. पर तिच्या पोटात काय हाय ते आदी कुठंतरी दिसाया पायजे. एकांदी नजर. एकांदं दार लावणं. त्यांनी दावलं आन् आपल्याला कळलं न्हाय, तर आपली चूक. त्यांनी दावलंच न्हाय, तर त्यांची."

मला तेव्हा हसू आलं होतं.

दिवाळी झाली. रानात ज्वारी गुडघ्याला लागली. त्या सुमारास एका दुपारी मी शाळेतून आले तर माझं ताट वाढून ठेवलेलं. आमच्या घरात आधी पुरुष जेवायचे, मग आत्या, मग मी. असा नियम कुणी सांगितला नव्हता, पण होता. आत्या म्हणाल्या, "बस. आदी खा." आणि समोर बसून माझ्याकडं बघत राहिल्या. भाजीत तिखट जास्त पडलंय का, म्हणून या बघतायत का, असलं काहीतरी डोक्यात यायला लागलं.

रविवारी त्यांनी मला पुढ्यात बसवून केसांना तेल लावलं. माझ्या आईनंही कधी इतक्या निगुतीनं लावलं नव्हतं. मग धान्याच्या खोलीची किल्ली, जी त्यांच्या कमरेला असायची, ती दाराच्या खिळ्याला आली. "लागलं तर घेत जा. मला इचारू नको." रोज एकेक गोष्ट सांगायला लागल्या. मामांना वांगं वाढलं तर वरून तूप घालायचं, नाहीतर छातीत जळजळतं. त्यांचा तंबाखूचा खोकला कोणता आणि कफाचा कोणता. दूधवाल्याशी कसं बोलायचं. लोणच्याची बरणी कोणत्या फडक्यानं बांधायची. हे सगळं मऊ आवाजात. त्या आवाजाचीच मला भीती वाटायची.

शेजारी चुलत जाऊ राहते. तिला सांगितलं तर ती हसून म्हणाली, "सासू गोड बोलाया लागली की सुनंनं माहेरच्या बसचा टाइम बघून ठेवावा."

तिनं गमतीनं म्हटलं, पण मला त्या रात्री जेवण गेलं नाही. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना तपासून "दोघंही ठीक आहात, वाट बघा" म्हटलं होतं. घरात त्यावर कुणी चकार शब्द काढला नव्हता. मामा नाही, आत्या नाही. मला ते न बोलणंच जड वाटायचं. आमच्याच गल्लीतल्या एका बाईला असंच गोडीगुलाबीनं माहेरी पोचवलं होतं. नवी साडी नेसवली, ओटी भरली, आणि नंतर घ्यायला कुणी गेलंच नाही.

त्यात फोन. आत्यांचं माहेर मुरुमकडचं. घरची बोली कानडी. मुरुमात त्यांची धाकटी बहीण राहते. तिचा नवरा वारलेला, मुलींची लग्नं झालेली, बाई एकटीच. आधी सणावाराला फोन व्हायचा. आता रोज व्हायला लागला, आणि आत्या तो घेऊन मागं धुण्याच्या दगडापाशी जायच्या. मी अंगणात आले की आवाज खाली यायचा. मला कानडी येत नाही, पण तेच तेच शब्द कानावर पडून पाठ झाले. सोसी. मनी. बिट्टु. 'मनी' म्हणजे मांजर असेल असं मी धरून चालले होते. आमच्याकडं मांजर नाही, तरी.

शाळेत उमरग्याकडच्या, कानडी येणाऱ्या एक बाई आहेत. मी सहज विचारल्यासारखं करून त्यांना ते शब्द विचारले.

"सोसी म्हणजे सून," त्या पुस्तकं तपासता तपासता म्हणाल्या. "मनी म्हणजे घर. बिट्टु म्हणजे सोडून. का हो?"

"काही नाही. सिनेमात होतं."

सून. घर. सोडून. घरी येईपर्यंत मी तेच तीन शब्द पुन्हा पुन्हा जोडत होते.

त्यानंतर मला सिनेमे बघवेनात. पडद्यावर कुणी कुणाच्या डोक्यावरून हात फिरवला तरी मी दुसऱ्या हातात सुरी शोधायची. आत्या शेजारीच असायच्या. मी सिनेमा सोडून त्यांनाच बघत राहायची. एखादी नजर, एखादं दार लावणं. आणि शोधलं की सापडतंच. एकदा त्या माझ्या लग्नातल्या साड्यांची घडी घालत होत्या. एकदा कपाट उघडून नुसत्याच उभ्या होत्या. एकदा मामा कधी नव्हे ते दुपारी घरी आले तर आत्यांनी फोन पदराखाली घेतला; मला वाटलं, माझ्यापासूनच लपवला. मी पुरतं धरलं की आत्या-मामा दोघांचं मिळून काहीतरी ठरतंय.

नवऱ्याला सांगितलं. तो बूट काढत होता.

"आई आता बरी वागायली तर तुला त्याचा पण तरास?"

"तुम्हाला काही बोलल्या का त्या? माझ्याबद्दल?"

"काय बोलणार?"

"दुसरं लग्न वगैरे."

त्यानं हातातला बूट खाली टाकला. मग म्हणाला, "ते सिनेमे बंद कर आदी." त्यानं नाही म्हटलं नाही, हेच मी रात्रभर धरून बसले. बिचाऱ्याला वाटलं असेल, असल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं.

येळवस आली. आमच्या भागात वेळ अमावस्येला सगळी घरं रानात जातात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून आत पांडवांची पूजा करतात, आणि भज्जी, आंबील, उंडे असं शेतातच जेवतात. पूजा घरातली मोठी बाई करते. कोपीसमोर सगळे भावकीतले उभे, आणि आत्यांनी हळदीकुंकवाचं ताट माझ्या हातात दिलं.

"औंदा तू पूज."

"आत्या, तुम्ही असताना?"

"पूज म्हणते ना."

चुलत सासवांनी एकमेकींकडं बघितलं. मामा बांधाकडं तोंड करून उभे होते. मला वाटलं, ही शेवटची पूजा आहे माझी. मानानं घालवायचं ठरलंय. माझ्या हातून कुंकू पांडवांवर कमी आणि मातीत जास्त पडलं.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी दुपारी आम्ही टीव्हीसमोर होतो. सिनेमात घरचा नोकर फिरला. ज्या मालकिणीला तो ताई ताई म्हणत होता तिच्याच मागं लागला. मी आत्यांच्या चिडण्याची वाट बघत होते. त्या शेंगा फोडत राहिल्या. त्यांचं लक्षच नव्हतं. मला काय झालं कुणास ठाऊक, मी टीव्ही बंद केला आणि म्हटलं, "आत्या, तुम्ही मला घरातून काढणार आहात का?"

"काय?"

"मला कळतं. सोसी, मनी, बिट्टु. मी अर्थ विचारलाय."

शेंगांचं सूप त्यांनी बाजूला ठेवलं. मी रडायला लागले होते. त्या उठल्या, दार लोटलं, परत येऊन खाली बसल्या.

"येडी हायस. सून घर सोडून न्हाय जायली. म्या जायले."

"कुठं?"

"मुरुमला. बहिणीकडं. ती कडक भाकरी करून इकती, एकटीला उरकंना. म्या जाऊन तिथंच ऱ्हाणार. सुनंला समदं शिकवते आन् घर सोडून येते, एवढंच तिला सांगत हुते."

"म्हणजे कायमचं?"

"कायमचं."

"मामा काही बोलले का? भांडण झालं?"

"भांडाया तरी बोलावं लागतंय." त्या थोडा वेळ टरफलं गोळा करत राहिल्या. "माजी आई गेली तवा पेरणी चालू हुती. निरोप आला. ते म्हणले, तिफण थांबवता येत न्हाय, उद्या जा. म्या उद्या गेले. तवर झालं हुतं समदं. त्या दिवशीच ठरलं. पर पोरगं लहान हुतं. मग त्याचं शिक्षण, मग लगीन. मग म्हणलं तुला जरा रुळू दे."

मला आधी जे वाटलं ते सुटका झाल्याचं होतं. मी वाचले, एवढंच. तो आनंद पुरता संपायच्या आधीच राग आला.

"म्हणजे मला तुमच्या जागी बसवून तुम्ही सुटणार. ते वांगं, ते तूप, ते खोकले, सगळं त्यासाठीच."

आत्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "व्हय," म्हणाल्या. "बसायचं का न्हाय ते तू बघ. म्या बस म्हणत न्हाय. कुठं काय हाय तेवढं दावलं."

मामांना त्यांनी स्वतःच सांगितलं. मामा जेवत होते, मी भाकरी थापत होते.

"म्या मुरुमला जायले."

"जा की. हरभरा काढायच्या आत ये."

"यायची न्हाय."

मामांनी घास खाल्ला. पुढचाही खाल्ला. "काय कमी पडलं?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. खरंच विचारत होते.

आत्यांनी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. कदाचित इतक्या वर्षांचं उत्तर एका जेवणात मावत नसेल. मामांनी ताटातच हात धुतला आणि बाहेर जाऊन बसले. नवऱ्यानं मात्र आरडाओरडा केला. लोक काय म्हणतील, या वयात काय हे, मी तोंड कुठं दाखवू. आत्यांनी ते ऐकून घेतलं आणि पिशवी भरली. सकाळी मामा अंधारातच रानात गेले होते. स्टँडवर मीच सोडायला गेले.

नंतरचे दिवस वाईट गेले. मी सकाळी भाकरी करून दुरडीत झाकून जायची. शाळेतून येऊन बघावं तर झाकण तसंच, आणि मामा रानातून येऊन पलीकडं खाटेवर उपाशी बसलेले. कुणीतरी वाढेल म्हणून. मी वाढायची आणि मनात आत्यांवर चडफडायची. शेवटी एक दिवस म्हटलं, "मामा, दुरडी इथं आहे, कालवण इथं. भूक लागली की घ्या. मला रोज उशीर होतो." ते दोन दिवस उपाशी राहिले, तिसऱ्या दिवशी दुरडी हललेली दिसली. त्यांनी माझ्यावर राग धरला की नाही ते मला अजून समजलेलं नाही. नवरा आता कुकर लावतो. लोक पहिल्यांदा बोलले, मग त्यांना दुसरं काही मिळालं.

उन्हाळ्यात मी मुरुमला गेले. दोन बहिणी चुलीपुढं बसून पातळ भाकरी थापत होत्या आणि कानडीत मोठमोठ्यानं हसत होत्या. मी उंबऱ्यात उभी राहिले. या बाईला मी ओळखत नव्हते. इतकं मोठ्यानं हसणं तेरच्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला मात्र कसंतरीच झालं. तेरची खरी की मुरुमची खरी? की मी जिच्याबरोबर दुपार दुपार बसले ती तिसरीच?

निघताना मी विचारलंच. "आत्या, ते मला आधी जेवायला घालणं, तेल लावणं, ते सगळं कामापुरतंच होतं का?"

त्यांनी खोटं सांगितलं असतं तरी मी मानलं असतं. त्यांच्या हाताला पीठ होतं, ते झटकलं.

"आदी कामापुरतंच हुतं," त्या म्हणाल्या. "मग हाताला सवय लागली."

त्या मला स्टँडपर्यंत पोचवायला आल्या. बस भरलेली होती. खिडकीजवळच्या जागेवर कुणीतरी टोपी टाकून ठेवली होती. आत्या माझ्या आधी वर चढल्या, टोपी उचलली, मला तिथं बसवलं, आणि अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत कंडक्टरशी भांडायला लागल्या.