रोडग्याची कड
गोवऱ्यांवर कणकेचे जाड रोडगे भाजल्याचा वास आला, की मला अमरावतीच्या वसतिगृहातली एक पंगत आठवते. आम्ही बौद्ध झाल्याला वर्षच झालं होतं. पोरं रोडग्याचा मऊ गर तुपात कुस्करून खायची आणि भाजलेली कड ताटात टाकायची. ताट पुसून खाणारा भुक्कड ठरायचा. "काहून टाकून राहिला बे?" मी शेजारच्याला विचारलं. "राहू दे, उष्टं न्यायले येईन कोणी," तो म्हणाला. आमच्या गावात उष्टं न्यायला माझी आजी जायची. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "आता कोणी येत नाही. आमी सोडलं ते. आपापलं संपवा." एकेकानं ताटातली कड उचलली; मग दातांखाली कडा मोडल्याचा आवाज सुरू झाला. आज नातवाच्या ताटात काही उरलं, की मी म्हणतो, "संपव बाबू. आपण उष्टं घेणं सोडलं, तसं ठेवणंही सोडलं."