आह मा मुलाकडे गेल्या

हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्याने ‘जाऊ दे गं’ म्हणून सोडून दिलं असतं — आणि मला तेवढ्यावर सुटायचं नव्हतं. पण गेल्या महिन्यात सईसमोर तोंड उघडलंच आहे, तर आता तुम्हालाही सांगते.

माझी लेक सई तेव्हा इथल्या शाळेत प्रायमरी थ्रीत, म्हणजे तिसरीत होती. शाळेने शहरातल्याच हौगांग भागातल्या एका वृद्धाश्रमासाठी पैसे जमवायचं ठरवलं. मुलांनी मधल्या सुट्टीत हाताने केलेल्या बुकमार्कांचा स्टॉल लावला, आणि नंतर एका शनिवारी सगळ्या वर्गाला तिथे नेलं. सोबत पालक म्हणून मीही गेले. सईच्या वाट्याला एक चिनी आजी आल्या. सगळे त्यांना आह मा, म्हणजे आजी, म्हणत, म्हणून तीही म्हणायला लागली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मग आजींनी उशीखालून कापडाच्या चिमुकल्या पुरचुंड्या काढल्या — फाइव्ह स्टोन्स. म्हणजे आपले सागरगोटेच. सई हरली, पुन्हा हरली, आणि निघताना म्हणाली, पुढच्या शनिवारी पुण्याच्या आजीने दिलेले खरे सागरगोटे घेऊन येते. नर्सने ते त्यांना चिनीत सांगितलं. त्यांनी सईचा हात बराच वेळ सोडला नाही.

आणि मी? मी फोटो काढत होते. संध्याकाळी ते ग्रुपवर टाकले, ‘काय छान संस्कार’ वगैरे कौतुक पदरात पाडून घेतलं. माझ्यापुरता उपक्रम संपला होता. सईपुरता तो आता कुठे सुरू होत होता — हे मला कळत नव्हतं, असं म्हणू? कळत होतं की.

शनिवारी तिची गणिताची ट्यूशन असायची. पण ते निमित्त झालं. आमच्या घरून, यिशुनहून, हौगांग म्हणजे काही परदेश नाही. मला तिथे जायचंच नव्हतं. ती खिडकीशी बसलेली माणसं बघितली की पुण्यात एकटी राहणारी माझी आई आठवायची, आणि ते मला नको होतं.

पुढच्या शनिवारी सई सागरगोटे घेऊन, बूट घालून दारात उभी राहिली. आणि मी म्हणाले — अगं, फोन आला होता, आह मा मुलाकडे राहायला गेल्या.

फोन खरंच आला होता. नर्सचा. आजी सकाळपासून विचारतायत, ती छोटी इंडियन मुलगी कधी येणार? मी म्हटलं, तिची परीक्षा आहे. त्याच्या पुढच्या शनिवारीही फोन आला. मग मी तो नंबर उचलणं सोडलं.

मला वाटलं होतं सई हिरमुसेल. ती तर आनंदाने नाचली. आणि लगेच विचारलं, मग आपली आजी आपल्याकडे कधी येणार? मी भाजी बघते म्हणून स्वयंपाकघरात गेले. गॅसवर काहीच नव्हतं.

सई आता सेकंडरीत आहे. गेल्या महिन्यात तिने सांगितलं की शाळेच्या या वर्षीच्या सेवाकार्यासाठी तिने तोच आश्रम निवडलाय. का, तर तिच्या इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाली, “दॅट प्लेस इज गुड लाह. पीपल गो होम फ्रॉम देअर.”

इतकी वर्षं माझं खोटं तिने असं जपून ठेवलं होतं? मग मला राहवलं नाही. सगळं सांगितलं — नर्सचे फोन, परीक्षेची थाप, सगळं. आणि सांगून झाल्यावर मला फार बरं वाटलं. पोरीचा चेहरा उतरलेला दिसत होता, तरी बरं वाटलं. हेही कबूल करते.

माझ्याशी कायम इंग्रजीत बोलणाऱ्या सईने तेव्हा मराठीत विचारलं, “म्हणजे त्या माझी वाट बघत होत्या?”

मी हो म्हणाले.

त्या शनिवारी ती एकटीच गेली. मी येऊ का, असं मी विचारलं नाही. आह मा केव्हाच वारल्या होत्या, हे तिने आल्यावर सांगितलं. त्यांच्या खाटेवर आता दुसऱ्या कोणी आजी आहेत. सई दिवसभर त्यांच्यापाशी बसून आली. पुन्हा येते, असं मात्र त्यांना म्हणाली नाही. नुसतीच पुढच्या शनिवारी परत गेली.